उंबऱ्यावरचं जाळं

आज माहुलगावात मावशीकडे गेले होते. ओहोटी लागली होती. खाडीच्या चिखलावर रोहित पक्षी, मागे रिफायनरीच्या चिमण्या. मावशी उंबऱ्यावर फाटकं जाळं मांडीवर घेऊन बसलेली. आता नीट दिसत नाही तिला, पण बोटं एकेक गाठ चाचपून बांधत होती. "ये, बस इकडे," तिने नातवाला हाक मारली. त्याची गाठ सुटली. ती रागावली नाही. धागा पुन्हा त्याच्या बोटांत दिला.

त्या दोघांकडे बघताना मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन आठवला. त्याने १९५० मध्ये आयुष्याचे आठ टप्पे मांडले. सगळं बालपणीच ठरत नाही, माणूस म्हातारपणीही घडत असतो, हे त्याचं म्हणणं मला फार जवळचं वाटतं. तो गेल्यावर पत्नी जोनने नववा टप्पा जोडला, तेव्हा तिनेही नव्वदी ओलांडली होती. आतून पाहिल्याशिवाय ते वय कुणाला कळणार?

हे टप्पे मला नेहमी जिन्याच्या पायऱ्यांसारखे वाटायचे. आज ते एकाच उंबऱ्यावर शेजारी बसलेले दिसले.

निघताना मावशी पुटपुटली, "जमेल हळूहळू." नातवाला म्हणाली की स्वतःला, कळलं नाही.