केडगांवचें प्रार्थनामंदिर

गेल्या माघांत आम्ही संग्रामपुराहून पुण्याकडे निघालों. शेगांवास गाडींत बसलों, दौंडास उतरलों आणि तेथून केडगांव गांठलें. बहुतेक वाचकांस केडगांव ठाऊक आहे तें नारायणमहाराजांच्या बेटामुळें. तेथें दत्ताचें दर्शन आम्हीं घेतलेंच. परंतु मनांत होतें तें पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनांतील ख्रिस्ती प्रार्थनामंदिर.

अनंतशास्त्री डोंगरे यांनीं पत्नीस संस्कृत शिकविलें आणि त्या मातेनें कन्येस. त्याच ह्या रमाबाई. १८७८ सालीं कलकत्त्याच्या पंडितांनीं त्यांस ‘पंडिता’ म्हणून गौरविलें. १८८३ सालीं त्यांनीं इंग्लंडांत ख्रिस्ती दीक्षा घेतली. १८८९ सालीं मुंबईस निघालेलें त्यांचें शारदासदन पुढल्या वर्षीं पुण्यास आलें. तेथील मुली ख्रिस्ताकडे वळतात असा १८९३ सालीं बोभाटा झाला. रानडे, भांडारकर यांनीं अंग काढून घेतलें, पालकांनीं मुली परत नेल्या. तो राग अगदींच निराधार होता असें आम्ही म्हणणार नाहीं. मुली विश्वासानें पाठविलेल्या होत्या.

पुढें दुष्काळ आला. १८९६-९७ सालीं रमाबाईंनीं मध्यप्रांतांतून सुमारें तीनशें अनाथ मुली आणल्या, आणि १८९८ सालीं केडगांवच्या माळावर मुक्तिसदन उभें राहिलें. मागोमाग छपन्नचा दुष्काळ. आमचें वऱ्हाडही त्यांत होरपळलें. आश्रमाची वस्ती दोन हजारांच्या घरांत गेली. इतक्या जणींनीं मांडी घालून एकत्र बसावयाचें तर छप्पर केवढें हवें! १८९९ सालीं पाया घातलेलें हें मंदिर खेड्याच्या मानानें एवढें अफाट कां, याचा उलगडा आम्हांस तेथें झाला.

याच आवारांतील छापखान्यांत मुलींनीं खिळे जुळविले. रमाबाईंनीं हिब्रू व ग्रीक मुळांवरून केलेलें बायबलाचें मराठी भाषांतर तेथेंच छापलें गेलें. भाषा मुद्दाम साधी, खेड्यांतल्या बाईस कळेल अशी. आम्हीं पस्तीस वर्षें मुलांकडून शब्दरूपें घोकून घेतलीं; म्हणून जिच्या जिव्हेवर भागवत होतें, तिनें संस्कृत शब्द असे बाजूस सारावे, हें आम्हांस प्रथम खटकलें.

मग आत्याआजी आठवल्या. नवव्या वर्षीं विधवा, जन्मभर लाल आलवण. ऐकून ऐकून हरिपाठ तोंडपाठ, पण अक्षर एकही येत नव्हतें. आमच्या आजोबांस अमरकोश मुखोद्गत. बहिणीस मुळाक्षरें शिकवावीं हें मात्र त्यांस कधीं सुचलें नाहीं. घरांत रमाबाईंचें नांव निघालें कीं ‘बाटगी’ हा एकच शब्द कानीं पडे, आणि त्यांत आत्याआजींचाच स्वर सर्वांत मोठा असे.

मंदिरांत एक वृद्धा भुईवर बसून, ओळीखालीं बोट धरून, हलक्या आवाजांत वाचीत होती. वाचकहो, आम्हीं स्वधर्म सोडलेला नाहीं, सोडणारही नाहीं. पण तें बोट ओळीच्या शेवटास पोंचेपर्यंत आम्ही दाराशीं उभे होतों. पुढें पान उलटलें, तरीही उभेच होतों. पुण्याची गाडी अर्थातच चुकली.