कट्ट्याहून नाशिकच्या वाइनमळ्यांत

सिंधुदुर्गातल्या आमच्या कट्टा गावातून निघून कसालच्या नाक्यावरून फोंडा घाटाच्या वाटेला लागलो, तेव्हा आमच्याकडे काजू मोहोरला होता. घाट चढून राधानगरीचं जंगल मागे टाकलं की ऊस सुरू होतो आणि पुण्याच्या पुढे नारायणगावाशी द्राक्षबागा दिसू लागतात. याच नारायणगावात १९८०च्या दशकात शामराव चौगुले यांच्या इंडेज कंपनीने फ्रेंच धर्तीची फेसाळ वाइन काढली होती. मी मात्र तिथे थांबलो नाही. मला नाशिक गाठायचं होतं.

डोक्यात विषय होता अर्जेंटिनातल्या उंचावरच्या वाइनमळ्यांचा. तिथल्या साल्ता प्रांतात काफायाते गावाभोवतीचे मळे सुमारे १,७०० मीटरवर आहेत, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या शिखराहूनही उंच. कोलोमे या वाइनरीचा एक मळा तर ३,१०० मीटरच्या वर आहे. तिथे दिवसा कडक ऊन आणि रात्री गारठा. पाऊस नावापुरता, वेल जगतात ते अँडीजच्या डोंगरांवरून उतरणाऱ्या पाण्यावर. तीव्र उन्हाने द्राक्षाची साल जाड होते, म्हणून तिथल्या माल्बेक या लाल वाइनला गडद रंग येतो. तोरोंतेस नावाच्या पांढऱ्या द्राक्षाची वाइन फुलांसारख्या वासासाठी ओळखली जाते. नाशिक तर जेमतेम ६०० मीटरवर. मग इथे वाइन कशी साधते?

उत्तर गंगापूर धरणाच्या बाजूला एका बागेत मिळालं. पहाटेची तोडणी चालू होती. खाण्याच्या द्राक्षांपुढे हे मणी लहान, सालीला जाड, आत बिया. एक घड चाखला, तर गोडीबरोबर चांगला आंबटपणाही होता. बागायतदार म्हणाले, “आमचं सगळं गणित छाटणीच्या तारखेवर, भाऊ.” एप्रिलमध्ये खरड छाटणी, त्यानंतर नवी काडी तयार होते. पावसाळा सरता सरता गोडी छाटणी. तिच्यानंतर फुलोरा आणि घड. फळ पिकतं ते थेट थंडीत. युरोपात हिवाळ्यात वेल झोपलेला असतो, इथे हिवाळा हाच त्याचा हंगाम. निफाडकडे तर ऐन थंडीत पारा ५-६ अंशांपर्यंत उतरतो. रात्र गार असली की द्राक्षातलं आम्ल टिकतं. उबदार रात्री ते लवकर खर्ची पडतं आणि वाइन सपक होते. अँडीजमध्ये जे काम उंची करते, ते इथे कात्री आणि पंचांग मिळून करतात.

जवळच सुला वाइनरी आहे. अमेरिकेतली नोकरी सोडून आलेल्या राजीव सामंत यांनी १९९७च्या सुमारास इथे सोव्हिन्यो ब्लाँ आणि चेनिन ब्लाँ लावली. पहिली वाइन २००० साली बाजारात आली. पुढच्याच वर्षी राज्याचं द्राक्षप्रक्रिया धोरण आलं आणि दिंडोरी, इगतपुरीकडेही वाइनरी उभ्या राहिल्या. आत पोलादी टाक्यांची रांग होती. पांढऱ्या वाइनसाठी आधी रस गाळतात आणि टाकी थंड ठेवून तो सावकाश आंबवतात. लालसाठी सालीसकट आंबवतात, कारण रंग आणि तुरटपणा सालीत असतो.

चव घेताना सोव्हिन्यो ब्लाँला कच्च्या पेरूचा आणि कापलेल्या गवताचा वास आला. शिराझ या लाल वाइनने मात्र मला चकित केलं. तिच्यात चक्क मिरी होती, आमच्या पोफळीवर चढणारी काळी मिरी! मिरीला तिखट वास देणारं रोटंडोन हे द्रव्य शिराझच्या सालीतही असतं, हे तिथेच कळलं.

आमच्याकडे हा वेल आणून उपयोग नाही. सिंधुदुर्गात ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, हवा दमट आणि रात्री उबदार. पण दक्षिण अमेरिकेचंच एक झाड आमच्या डोंगरउतारांवर कधीचं रुजलं आहे. काजू ब्राझीलचा, पोर्तुगीजांनी तो आणला. गोव्याने त्याच्या बोंडूची फेणी केली आणि २००९मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळवून दिलं. आमच्याकडे बी काढली की बहुतेक बोंडू झाडाखाली कुजतात. नाशिक पाहायचं असेल तर जानेवारी ते मार्च या तोडणीच्या दिवसांत जा. आमच्या बागायतदारांनी तर जायलाच हवं. फळाला साजेसा हंगाम, तोडल्या दिवशी गाळलेला रस आणि थंड टाकी एवढं तिथून शिकून आलो, तर बोंडूची चांगली वाइन कट्ट्यातही होऊ शकेल.