दीड इंचाचं गणित

आमच्या घरी मेणबत्ती इंचात मोजली जायची. मोजणारी आजी. गणिताला दीड इंच, इतिहासाला अर्धा, आणि कविता पाठ असायला हव्यात म्हणून त्या अंधारात. करंगळीच्या नखानं मेणावर खूण करून ती म्हणायची, "इथलोक. याच्या खाली आली तं इझवतो म्या." ज्योत खुणेशी येईपर्यंत लसावि निघाला नाही, तर तो दुसऱ्या दिवशी शाळेत छडीच्या मदतीनं निघायचा.

अमडापूर हे चिखली-खामगाव रस्त्यावरचं गाव. आमच्याकडे 'वीज गेली' असं कोणी म्हणत नाही. वीज पडते; जाते ती लाईन. आणि २००५ नंतरची काही वर्षं ती अशी जायची की ती आल्याचीच बातमी व्हायची. सगळ्या आळ्यांतून एकदम पोरांचा गलका उठायचा, "आली रे आली!" तेवढ्यात आजी फुंकर मारून मोकळी झालेली असायची. पुढच्या मिनिटाला लाईन पुन्हा गेली की काडेपेटीची दुसरी काडी गेली म्हणून तिचा जीव हळहळायचा.

त्या काळाचे आकडे मला पुढे कळले. दाभोळचा वीजप्रकल्प २००१ मध्ये बंद पडलेला, नवी वीजनिर्मिती मागणीच्या फार मागे, आणि ऐन संध्याकाळी राज्याला चार हजार मेगावॅटच्या वर वीज कमी पडायची. २००५ मध्ये वीज मंडळाच्या वेगवेगळ्या कंपन्या झाल्या. टंचाई मात्र अखंडच राहिली. ती वाटून घेण्यासाठी फीडरचे, म्हणजे गावोगाव वीज नेणाऱ्या वाहिन्यांचे, गट पाडले गेले: जिथे वीजहानी कमी आणि बिलवसुली चांगली, तिथे अंधार कमी, जिथे उलट, तिथे जास्त. म्हणजे वर्गात कोणी दंगा केला तर अख्ख्या बाकाला शिक्षा. आमच्या आजीनं बिल कधी थकवलं नाही, पण फीडरला आजी काय ठाऊक! तिच्या हिशेबात मेणबत्ती म्हणजे दुसरं लाईटबिल होतं. अकोला जिल्ह्यातलं पारसचं वीजकेंद्र तसं आमच्या शेजारचंच. तिथे २००८ आणि २०१० मध्ये अडीचशे मेगावॅटचे दोन नवे संच सुरू झाले, तेव्हा गावातल्या म्हाताऱ्यांना वाटलं, आता तारा वाकड्या करून थोडी इकडे ओतता येईल.

मेणबत्तीला घरात मान होता. राशनचं घासलेट चुलीला आणि चिमणीला. चिमणीची काजळी सकाळी नाकातून निघायची, म्हणून शिकणाऱ्या पोराला मेणबत्ती. स्टीलची वाटी उपडी घालायची, चार थेंब मेण सांडायचं, ते ओलं असतानाच बूड टेकवायचं आणि दहा आकडे मोजेपर्यंत धरून ठेवायचं. काम साधं, पण आईनं ते माझ्याकडे दिलं तेव्हा मला मोठं झाल्यासारखं वाटलं होतं.

या सगळ्याला गोड म्हणणाऱ्यांनी मे महिन्यात वऱ्हाडात बसून एका वर्षाचा गृहपाठ करावा. दिवसभराच्या उन्हानं टिनाचे पत्रे रात्रीपर्यंत तापलेले, पंखा बंद, आणि नाकासमोर एक जळती वस्तू. पुठ्ठ्यानं वारा घ्यावा तर ज्योत विझते. ज्योत राखावी तर घामाचे थेंब वहीवर पडून शाई फुटते. आजी अंगणात खाटेवरून म्हणायची, "अभ्यास कर नाहीतर वारा घे, दोनी नाई होत." विषय तिथे संपायचा.

हिवाळ्याचं वेगळं. हरभऱ्याला पाणी द्यायचं ते दिवस, आणि मोटरीसाठी लागणारी थ्री फेज लाईन बऱ्याचदा रात्रीची. कधी बाराला, कधी दोनला. बाबा दिवेलागणीच्या आतच भाकरीचं फडकं आणि बॅटरी घेऊन शेतात जायचे, कारण अंधारात बांधावरून जाण्यापेक्षा खोपडीत वाट पाहिलेली बरी. लाईन आली की मोटर चालू, मग दर काही तासांनी तुषार सिंचनाचे ओले पाईप उचलून पुढच्या पट्ट्यात न्यायचे. थंडीत पाईप धरून बोटं बधिर होतात. साप, इंचू, रानडुक्कर हे वेगळेच. बुलढाणा जिल्ह्याच्या घाटावरची जानेवारीची रात्र काय असते हे ओलीत करणाऱ्यालाच विचारावं.

मी बुटपॉलिशच्या रिकाम्या डबीत सांडलेलं मेण साठवायचो. ते वितळवून मध्ये सुतळीचा तुकडा रोवला की बुटकी, जाड ज्योतीची मेणबत्ती व्हायची. एका संध्याकाळी ती बाबांना दिली, हात शेकायला. त्यांनी खिशात घातली. सकाळी म्हणाले, "लय कामाची हाय." दोन-तीन वेळा नेली त्यांनी. उघड्या रानातल्या वाऱ्यात तसली ज्योत क्षणभरही टिकत नाही, हे मला फार उशिरा सुचलं.

फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासात हिमवादळानं वीज गेली आणि लाखो घरं गारठली. माझा मावसभाऊ तेव्हा ऑस्टिनला होता. त्याचा फोन आला. दिव्यासाठी मेणबत्त्या आहेत, पण खोली गरम करायला किती लागतील? मला हसू आलं नाही. हिशेब केला. एक मेणबत्ती साधारण ऐंशी वॅट उष्णता देते, खोली तापवणारा हीटर पंधराशे. म्हणजे अठरा-वीस मेणबत्त्या एकाच वेळी, बंद खोलीत, गालिच्यावर! नुसता बसलेला माणूस मात्र शंभरेक वॅट देतो. त्याला सांगितलं, "मेणबत्त्या राहू दे, चौघं एका रजईत बसा." पुढच्याच वर्षी युक्रेनमधल्या खंदकांसाठी लोक रिकाम्या डब्यांत पुठ्ठ्याच्या गुंडाळ्या घालून वर मेण ओतत असल्याची छायाचित्रं पाहिली. डबी, वात, मेण. रचना तीच, फक्त माझ्याकडे पुठ्ठ्याची अक्कल नव्हती.

मधल्या काळात घराघरांतून मेणबत्ती कशी नाहीशी झाली ते कळलंच नाही. ५ एप्रिल २०२०, कोरोनाची टाळेबंदी, रात्री नऊ. सगळ्या देशानं नऊ मिनिटं दिवे घालवून मेणबत्त्या लावायच्या होत्या. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये सगळे खण उपसले, तर सापडल्या वाढदिवसाच्या केकवरच्या तीन, त्यातली एक 'पाच' या आकड्याची. त्या वेळी देशाची विजेची मागणी एकतीस हजार मेगावॅटनं खाली आली म्हणे, आणि ग्रीड सांभाळणाऱ्यांना घाम फुटला. ज्या गावानं वर्षानुवर्षं न मागता अंधार घेतला, तिथला माणूस अंधार करण्यासाठी मुहूर्त पाळतो, याची मला गंमत वाटत राहिली. पाचचा आकडा चार मिनिटांत वितळला.

आता अमडापूरला घरी इन्व्हर्टर आहे. लाईन जाते ती वादळात, किंवा डीपी जळाली तर. गेली तरी टीव्हीवरच्या मालिकेतली सून वाक्य पुरं करते. गावच्या पोरांना 'आली रे आली' ओरडताना मी कित्येक वर्षांत ऐकलेलं नाही. आणि एकदा ठरवून आठवायला बसलो तेव्हा एक गोष्ट खटकली: त्या उपड्या वाटीभोवती आजी आहे, आई आहे, बहीण आहे, भिंतीवर आमच्या सावल्या आहेत. बाबा नाहीत. ज्या रात्रींच्या आठवणींनी मी इतका हळवा होतो, त्या रात्री ते शेतात लाईनची वाट पाहत होते. आता शेतात सौरपंप आहे. ऊन पडलं की पाणी, सूर्य बुडाला की सुट्टी. संध्याकाळी सातला बाबा पलंगावर लोड टेकून बातम्या पाहतात, आणि दोन मिनिटांत घोरतात. मला ते घोरणं आवडतं.

गेल्या उन्हाळ्यात गेलो होतो, तेव्हा अवकाळीचा मोठा सोसाटा आला. बल्लाळदेवीच्या टेकडीकडून धुळीचा लोट उठला, कुठेतरी खांब आडवा झाला. दोन रात्री लाईन नव्हती. दुसऱ्या रात्री इन्व्हर्टरनंही मान टाकली. आई स्वयंपाकघरात मोबाईलच्या उजेडात भाकऱ्या थापत होती. बाबा उठले, मेणबत्ती आणतो म्हणाले. कपाट उघडल्याचा आवाज आला, मग टेबलाचा खण, मग पेटी. बराच वेळ खुडबुड चालली. मी अंधारातच उठलो, देव्हाऱ्यामागच्या कोनाड्यात हात घातला. आजी गेली तरी आईनं जागा बदललेली नव्हती. अर्धी जळालेली मेणबत्ती हाताला लागली, तिच्यावर काडेपेटी ठेवलेली.

बाबा दारात उभे राहून माझ्याकडे पाहत होते.

"इथी असते काय थे?"