माठ आणि 'शक्ती'

'शक्ती' या बँडचं नाव निघालं की लोक पहिल्या अल्बमबद्दलच बोलतात. १९७५ सालच्या मैफलीचं ते ध्वनिमुद्रण. तीनच रचना, त्यातली एक तर जवळजवळ अर्ध्या तासाची! १९७७ चा 'नॅचरल एलिमेंट्स', म्हणजे स्टुडिओत केलेला त्यांचा दुसरा अल्बम, मात्र जरा बाजूलाच पडतो. जॉन मॅक्लॉफ्लिनची तरफा लावलेली गिटार, एल. शंकरचं व्हायोलिन, झाकीरभाईंचा तबला, विक्कू विनायकराम यांचं घटम... सगळं तेच. तक्रार एकच, की रचना लहान आहेत, फुलायला वावच नाही.

मला नेमका हाच अल्बम आवडतो. आठ रचना, सर्वांत मोठी सात मिनिटांच्या आसपास. आपलं म्हणणं थोडक्यात मांडायचं आणि दुसऱ्याला जागा द्यायची. अब्दुल करीम खाँसाहेब तबकडीवर तीन-साडेतीन मिनिटांत राग उभा करायचे, तिथे कुणी वाव शोधत बसत नाही!

आमचे दादा राहुरी तालुक्यातल्या आमच्या गावी चाळीस वर्षं भजनी मंडळात पखवाज वाजवत होते. आता कान गेलेत. उंच पट्टीचे आवाज आधी जातात म्हणे. नातीचं बोलणंही कळत नाही. ठेका चुकेल म्हणून सप्ताहातसुद्धा मागे बसतात, पखवाजाला हात लावत नाहीत.

डिसेंबर २०२४ मध्ये झाकीरभाई गेले, त्या आठवड्यात मी गावी हा अल्बम लावला होता. दादा खुर्ची ओढून स्पीकरजवळ बसले. जरा वेळाने म्हणाले,

"माठ वाजवतंय का रं कुणी?"

माठच तो! तमिळनाडूत मानमदुरैला असे जाड भिंतीचे मुद्दाम घडवतात. तोंड पोटाला दाबलं की खर्ज घुमतो. तो त्यांच्यापर्यंत पोचला होता. व्हायोलिन अर्धंअधिक निसटत असणार, पण मांडीवर ठेका सुरू झाला आणि हात बहुतेक वेळा समेवर पडत होता. कानातलं यंत्र लावून पंधरा-वीस मिनिटं ऐकलं की त्यांचं डोकं दुखतं. मग एक रचना, थोडी विश्रांती, पुन्हा एक. अर्ध्या तासाची रचना त्यांना झेपलीच नसती.

२०२३ मध्ये, तब्बल ४६ वर्षांनी, 'शक्ती'चा स्टुडिओ अल्बम आला, 'धिस मोमेंट'. पुढच्या वर्षी त्याला ग्रॅमीही मिळालं. त्यात विनायकरामांचे चिरंजीव सेल्वागणेश आहेत. दादांना हे सांगितलं तर म्हणाले, "पोरगं बापाचं वाजवतंय, बरं झालं."

मी पखवाज कधी शिकलो नाही. ऐकायला मात्र आता आम्ही दोघं बसतो.