येरवड्याची घरे आणि आपले मत

आपली माणसे पुण्याला गेली की देहूरोडच्या विहारात जाऊन येतात. या खेपेला आम्ही तेथून पुढे येरवड्याला गेलो. स्टेशनवर मेट्रोत बसलो, बंडगार्डन मागे पडले, नदी ओलांडली आणि येरवडा आले.

येरवडा म्हटले की आधी तुरुंग आठवतो. याच तुरुंगात २४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करारावर सह्या झाल्या. तो झगडा मताचाच होता. करारात राखीव जागा वाढल्या, पण स्वतंत्र मतदारसंघातले आपले मत गेले. त्याआधी १९२८ साली याच पुण्यात सायमन कमिशनपुढे बाबासाहेबांनी प्रत्येक प्रौढ माणसासाठी मताधिकार मागितला होता.

आम्ही मात्र घरे पाहायला गेलो होतो. नेताजीनगर, मदर तेरेसानगर अशा वस्त्यांत २००९ पासून पत्र्याच्या झोपड्यांच्या जागी पक्की घरे उभी राहिली. वस्ती उठवली नाही. पक्की घरे तशीच ठेवली, कच्ची तेवढी पाडून त्याच जागी सुमारे २७० चौरस फुटांचे घर बांधून दिले. गल्ल्या अजून अरुंदच आहेत. समोरून कोणी आले की अंग चोरून उभे राहावे लागते. एका ओट्यावर बसलेल्या मावशी म्हणाल्या, "लांब नेलं असतं तर घर मिळालं असतं, पण धुण्याभांड्याची कामं सुटली असती. मग खायचं काय?"

हा पैसा आला कुठून? डिसेंबर २००५ मध्ये सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान अभियानातून. एका घराला सुमारे ३ लाख रुपये धरले होते. निम्मा वाटा केंद्राचा, बाकीचा राज्य सरकार, महापालिका आणि राहणाऱ्या कुटुंबाचा. अनुसूचित जाती व मागासवर्गीय कुटुंबाला किमान १० टक्के, म्हणजे सुमारे ३० हजार रुपये भरायचे होते. महिला मिलनच्या बायकांनी दारोदार फिरून पाहणी केली, घराचे नमुने दाखवून बैठका घेतल्या. सारे सुरळीत झाले असे नाही. काम रेंगाळले, आणि घर पाडल्यावर भाड्याच्या खोलीचा खर्च कुटुंबांनाच सोसावा लागला.

अमेरिकेत काही शहरांत अशा घरांच्या कर्जासाठी थेट मतदान होते. लॉस एंजेलिसच्या मतदारांनी २०१६ साली बेघरांच्या घरांसाठी १२० कोटी डॉलरचे कर्जरोखे मंजूर केले. दोन तृतीयांश मते लागत होती, ती मिळाली. कर्ज फेडायचे ते मालमत्ता करातून, हे ठाऊक असूनही लोकांनी हो म्हटले.

आपल्याकडे अशी मतपत्रिका नाही. घरांचा पैसा आपण निवडून दिलेली माणसे मंजूर करतात, म्हणून आपला कौल त्यांच्या हातून जातो. मार्च २०२२ नंतर तीन वर्षांहून अधिक काळ पुणे महापालिकेत नगरसेवकच नव्हते, अंदाजपत्रक प्रशासक मांडत होते. तेवढा काळ आपला कौल कोणी विचारलाच नाही.

तरी दोन वाटा उघड्या आहेत. २००६-०७ पासून पुणे महापालिका अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामे मागवते. त्यातून घर मिळत नाही, पण गल्लीतला दिवा, गटार मागता येते. सोसायट्यांतली माणसे हा अर्ज भरतात, मग वस्तीतल्या बायकांनी का भरू नये?

दुसरी वाट सहीची. पुनर्वसनाची योजना बिल्डरमार्फत यायची असेल तर निम्म्याहून अधिक रहिवाशांची संमती लागते. घर कुठे, किती फुटांचे, बांधून होईपर्यंत भाडे कोण देणार, हे कागदावर असल्याशिवाय अंगठा उठवू नये. शिकलेल्या मुलीने तो कागद आईला मोठ्याने वाचून दाखवावा.

परतताना तुरुंगाची भिंत पुन्हा दिसली. जे मत मागायला आपल्या माणसांना इतके झगडावे लागले, ते पाच वर्षांतून एकदा बोटाला शाई लावून संपत नाही. संमतीच्या कागदावरची सही हेही मतच आहे.