पोटरीत येणारा गोळा

सिगारेटचा विषय निघाला की सगळे छातीकडे बोट दाखवतात. आमच्या घरातही सगळी भीती तिथेच होती. ह्यांना खोकला आला की मी कान टवकारायची, मागे लागून छातीचा एक्स-रे काढायला लावायची. तो स्वच्छ आला की हे फिल्म उजेडाकडे धरून मला दाखवायचे आणि संध्याकाळी नवं पाकीट घरात यायचं. त्रास निघाला तो पायात.

आम्ही सांताक्रूझ पूर्वेला, वाकोल्यात राहतो. ह्यांची नोकरी फोर्टमध्ये, हिशेबाच्या कामाची. वाकोला पुलाखालून हायवे ओलांडायचा आणि प्रभात कॉलनीवरून स्टेशन गाठायचं, ही ह्यांची वर्षानुवर्षांची पायवाट. पन्नाशी उलटल्यावर मात्र हे कोपऱ्यावर रिक्षाला हात करायला लागले. बाजारात माझ्याबरोबर आले की मध्येच एखाद्या दुकानासमोर उभे राहायचे. चपला बघायचे, भांडी बघायचे. ज्या माणसाला दिवाळीतसुद्धा दुकानात ओढून न्यावं लागतं, त्याला हा शौक कुठून लागला, ते मला कळेना. एकदा स्टेशनच्या जिन्यावर कठडा धरून थांबले, तेव्हा विचारलंच. "पोटरीत गोळा येतो गं. जरा थांबलं की जातो," म्हणाले. दोष आधी चपलेला दिला, मग लोकलमध्ये उभं राहण्याला. मुलीला मधुमेहाची शंका आली. साखर तपासली, ती ठीक होती.

डॉक्टरांनी पहिल्या भेटीत छातीला नळी लावायच्या आधी पावलांवरची नाडी चाचपली. उजव्या पावलावर ती जेमतेम लागत होती. मग दंडावरचा रक्तदाब घेतला आणि घोट्याजवळचाही. घोट्याचा दाब साधारण दंडाइतका किंवा थोडा जास्त असतो. दोन्हींचं गुणोत्तर ०.९ च्या खाली गेलं, तर पायाकडे रक्त नेणाऱ्या रोहिण्या अरुंद झाल्याचं समजतात. ह्यांचं खाली होतं. डॉक्टरांनी मला समजेल असं सांगितलं, की जुन्या चाळीतल्या नळासारखं झालंय. आत थर साचलाय, थेंब थेंब चालतं, पण सगळ्यांनी एकदम नळ सोडला की वरच्या मजल्याला पाणी नाही. चालताना स्नायूंना जास्त रक्त लागतं, ते पोचत नाही, म्हणून गोळा. थांबलं की मागणी कमी होते, म्हणून आराम.

"किती ओढता?" ह्या प्रश्नाला ह्यांनी दिलेलं उत्तर मी तिथल्या तिथे दुरुस्त केलं. धुरातल्या विषारी द्रव्यांनी रोहिणीचं आतलं अस्तर खरवडलं जातं आणि तिथे चरबी बसते. निकोटिन रक्तवाहिन्या आवळतं. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तात प्राणवायूची जागा अडवतो, आणि रक्त लवकर गोठायला लागतं. पायाच्या रोहिण्यांचे असे हाल झालेले असतात, तेव्हा हृदयाच्या आणि मेंदूच्याही बहुधा सुखरूप नसतात. ओढणं चालूच राहिलं, तर काही जणांच्या पायाला गँगरीन होतं आणि पाय कापावा लागतो. डॉक्टर हे आवाज न चढवता बोलले. परतताना रिक्षात हे एक शब्द बोलले नाहीत.

शपथ वगैरे काही घेतली नाही. रात्री जेवणानंतर आम्ही दोघांनी वहीत ह्यांचा दिवस लिहून काढला. सकाळी शौचाला जायच्या आधीची. स्टेशनबाहेरच्या टपरीवरची. ऑफिसात अकराच्या चहाबरोबरची. जेवणानंतरची. संध्याकाळी गाडीतून उतरल्यावरची. रात्री गॅलरीतली. प्रत्येक सिगारेटला एक जागा होती, एक वेळ होती आणि बहुतेकींना एक सोबती होता. मग एकेका जागेचा बंदोबस्त केला. सकाळी उठल्याबरोबर कोमट पाणी. टपरी टाळायला स्टेशनवर दुसऱ्या बाजूने शिरायचं. ऑफिसात अकराचा चहा जागेवरच मागवायचा. जेवणानंतर खिशात बडीशेप आणि लवंग. गॅलरीतल्या खुर्चीवर मी कुंडी ठेवली.

डॉक्टरांनी निकोटिनची चघळायची गोळी दिली होती. तीही च्युइंगमसारखी सलग चावायची नसते, हे आम्हाला औषधवाल्याने सांगितलं. हळू चावायची, तोंडात चुरचुरलं की गालात दाबून ठेवायची, चव गेली की पुन्हा चावायची. त्याआधी पंधरा मिनिटं आणि ती तोंडात असताना चहा-कॉफी नाही, नाहीतर निकोटिन नीट शोषलं जात नाही. चहाबाज माणसाला हाच नियम सगळ्यात जड गेला.

पहिले काही दिवस घरात काचेच्या भांड्यांमध्ये वावरल्यासारखं वागावं लागलं. हे रात्री जागे, दिवसा चिडलेले. मुलीने टीव्हीचा आवाज वाढवला म्हणून भांडण, भाजीत मीठ कमी म्हणून भांडण. पोट साफ होईना, भूक दुप्पट. खोकला तर सुरुवातीला वाढलाच. "सोडून उपयोग काय?" म्हणून वैतागले. तलफ पहिल्या दोन-तीन दिवसांत सगळ्यात जास्त असते आणि साधारण महिन्याभरात उतरते, हे आधी माहीत होतं, म्हणून मी तोंड बंद ठेवू शकले. एका रात्री मुलीनेच पाकिटावर छापलेला १८००-११-२३५६ हा मोफत नंबर काढून दिला. "बाबा, माझ्याशी नको, निदान ह्यांच्याशी बोला." दुसऱ्या दिवशी बोलले. काय बोलले ते मी विचारलं नाही.

सल्ले देणारे भरपूर भेटले. टपरीवरचा एक जुना मित्र घरी येऊन सांगून गेला, की एकदम सोडू नका, विडीवर या, ती पानाची असते, बाधत नाही. खुद्द मुंबईत एक लाखाच्या आसपास लोकांची वर्षानुवर्षं पाहणी झाली होती. तिचे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. तंबाखू न घेणाऱ्यांच्या तुलनेत सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांत मृत्यूचं प्रमाण सुमारे ३७ टक्के जास्त निघालं आणि विडी ओढणाऱ्यांत ६४ टक्के. मुलीने हे आकडे त्यांना वाचून दाखवले. काका चहा पिऊन निघून गेले. आणखी एक अडचण सुट्या सिगारेटची. महाराष्ट्रात २०२० पासून सुटी सिगारेट विकायला बंदी आहे, पण टपरीवर ती मिळते. पाकीट घ्यायचं तर माणूस दोनदा विचार करतो. एक घ्यायची तर विचार करायला वेळच मिळत नाही. म्हणून खिशात सुटे पैसे ठेवायचेच नाहीत, असं हे स्वतःहून ठरवून बसले.

औषधांमध्ये रक्त पातळ ठेवणारी गोळी आणि कोलेस्टेरॉलची गोळी होतीच. पण खरं औषध होतं चालणं. गोळा येईपर्यंत चालायचं, थांबायचं, गेला की पुन्हा चालायचं, असं अर्धा-पाऊण तास. दुखतंय म्हणून बसून राहायचं नाही. आम्ही संध्याकाळी निघायचो, रविवारी जुहूच्या वाळूत. मी विचारायची, "अहो, थांबायचं का?" आणि हे पुढच्या दिव्याच्या खांबाकडे बोट दाखवायचे. आधी थांबायची जागा हायवेच्या अलीकडे होती. मग ती पुलापलीकडे गेली, मग प्रभात कॉलनीत. पावसाळा संपता संपता हे न थांबता स्टेशनला पोचायला लागले.

इतर फायदे हळूहळू कळत गेले. खोकला गेला. आमटीतली कोकमाची चव लागते म्हणाले. वजन वाढलं, तेही खरं. सोडल्यावर वर्षभरात हृदयविकाराचा सिगारेटमुळे वाढलेला धोका निम्म्यावर येतो, फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका निम्मा व्हायला मात्र दहा वर्षं लागतात. ब्रिटनमधल्या डॉक्टरांवर पन्नास वर्षं चाललेल्या अभ्यासात पन्नाशीत सोडणाऱ्यांचं आयुष्य, ओढत राहिलेल्यांच्या तुलनेत, सुमारे सहा वर्षांनी जास्त आढळलं. "आता ह्या वयात कशाला" म्हणणाऱ्यांना हे हाच आकडा ऐकवतात. रोहिण्या पुन्हा कोऱ्या झालेल्या नाहीत, गोळ्या जन्मभर आहेत, हेही सांगतात.

आमच्या इमारतीत आता कोणी पाय दुखतात म्हणालं, की मी वय विचारत बसत नाही. चाललं की दुखतं आणि थांबलं की दुखायचं राहतं का, हे विचारते. उत्तर हो आलं, तर दुसरा प्रश्न सिगारेट-विडीचा असतो. आणि तो मी एकट्या नवऱ्याला विचारत नाही, बायकोला शेजारी बसवून विचारते.