मॅपिंगची पावती

आमचा मुलगा ६ वर्षांचा असताना त्याला मेंदूज्वर झाला. जीव वाचला, अल्हम्दुलिल्लाह, पण दोन्ही कानांनी ऐकू येणे गेले. या आजारानंतर आतल्या कानाच्या शंखात हाड भरू लागते, मग तार आत जात नाही, थांबू नका, असे डॉक्टरांनी बजावले. म्हणून सरकारी योजनेची वाट न पाहता कंपनीच्या विम्यावर मुंबईत कॉक्लिअर इम्प्लांट केले. लाखांचे बिल विम्याने भरले आणि खर्च संपला, असे आम्ही समजून बसलो.

खरे तर यंत्र तेव्हा मुकेच होते. जखम भरल्यावर, २४व्या दिवशी, ऑडिओलॉजिस्ट मॅडमनी ते संगणकाला जोडून सुरू केले. आत २२ इलेक्ट्रोड. प्रत्येकावर कमीत कमी किती ऐकू येते आणि जास्तीत जास्त किती सोसते, ते ठरवायचे. यालाच मॅपिंग म्हणतात. पोरगा म्हणाला, "अम्मी, तू डब्यातून बोलतेस." पुढे कुकरची शिटी झाली की तो यंत्रच काढून फेकू लागला. पुन्हा मुंबई, पुन्हा मॅपिंग. पहिल्या वर्षी हे वारंवार, नंतरही वर्षाकाठी एक-दोनदा.

दर वेळी २ हजार, शिवाय चिपळूणहून येणे-जाणे. तीन पावत्या विम्याकडे पाठवल्या, तिन्ही परत. वर नुसते 'ओपीडी तपासणी व इतर'. दादी म्हणाल्या, "गेले ते गेले, भांडू नका." आम्ही मात्र पॉलिसी काढून वाचली (ती आधीच वाचायला हवी होती). डिस्चार्जनंतर ६० दिवसांपर्यंतचा, त्याच आजाराचा खर्च मिळतो, असे कलम होते. रुग्णालयाच्या बिलाच्या खिडकीवर तीन चकरा झाल्या. तिथला मुलगा म्हणे, संगणकात मॅपिंग असे नावच नाही. शेवटी सर्जन साहेबांनी हाताने लिहून दिले: शस्त्रक्रियेची तारीख आणि त्यानंतर हे प्रोग्रामिंग का आवश्यक आहे ते. पावत्याही नव्याने मिळाल्या.

दोन मंजूर झाल्या. तिसरी ६८व्या दिवसाची होती. ईदसाठी ती तारीख आम्हीच पुढे ढकलली होती.

खेडच्या एका ओळखीच्या घरी आता हेच ऑपरेशन आहे. आम्ही त्यांना दोन प्रश्न लिहून दिले: पॅकेजमध्ये किती मॅपिंग धरले आहेत, आणि पावतीवर काय लिहिणार? दुसऱ्याचे उत्तर त्यांना अजून मिळालेले नाही.